कामगारांचे ऐक्य आणि कामगारांचा पैसा

मुंबईस जाणाऱ्या आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी लोअर परळ भागातील ना. म. जोशी मार्ग पाहिला असेल. एके काळी ह्या रस्त्याच्या दोहो बाजूंस गिरण्यांची धुराडी होती. आज तेथे उंच मनोरे आणि कचेऱ्या उभ्या आहेत. गिरण्या गेल्या, गिरणगाव गेले, रस्त्याचे नाव तेवढे उरले. ज्या गृहस्थाचे हे नाव, ते नारायण मल्हार जोशी १९५५ साली आजच्याच तारखेस, म्हणजे ३० मे रोजी, निवर्तले. हिंदुस्थानातील संघटित कामगार चळवळीचे एक जनक म्हणून ज्यांचा उल्लेख इतिहासकार करतात, त्यांची ओळख आता एका पत्त्यापुरती उरावी, ही खेदाची गोष्ट होय.

तथापि त्यांचे चरित्र आज पहिल्या पृष्ठावर मांडण्याचे कारण केवळ पुण्यतिथीचे नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंधांविषयीचा नवा कायदा देशात अमलात आला आहे. त्या कायद्यान्वये कारखान्याच्या हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा ज्या संघटनेस असेल तीच मालकाशी वाटाघाट करणारी एकमेव संघटना ठरते. तसा पाठिंबा कोणासही नसेल तर वाटाघाटीचे मंडळ बनते, आणि किमान २० टक्के कामगार पाठीशी असलेल्या संघटनेसच त्यात जागा मिळते. ह्याचा हिशेब आमच्या चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा येथील कामगार बंधूंनी एकदा कागदावर मांडून पाहावा. एका कारखान्यात पाच संघटना असतील आणि प्रत्येकीच्या मागे एकोणीस टक्के माणसे असतील, तर पंचाण्णव टक्के कामगार संघटित असूनही त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क एकाही संघटनेस उरत नाही. ऐक्य हा आजवर सभेतील भाषणाचा विषय होता; आता तो बेरजेचा विषय झाला आहे. आणि ही बेरीज साधावयाची कशी, ह्याचे उत्तर शोधताना जोशी ह्यांच्या आयुष्याकडे पाहिल्यावाचून गत्यंतर नाही. कारण ह्या एका मनुष्याने ऐक्य उभारताना, मोडताना, पुन्हा जुळताना आणि पुन्हा मोडताना पाहिले.

५ जून १८७९ रोजी कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील गोरेगाव येथे त्यांचा जन्म झाला. पुण्यास त्यांचे शिक्षण झाले, डेक्कन कॉलेजातून ते पदवीधर झाले आणि त्यानंतर काही वर्षे त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. ही गोष्ट त्यांच्या चरित्रात एका ओळीत आटोपली जाते. आम्हीही काही वर्षे फळ्यापुढे उभे राहिलो आहोत, म्हणून आम्हांस ती तशी आटोपती घ्यावीशी वाटत नाही. हजेरी रोज घ्यावी लागते, वही रोज तपासावी लागते आणि एका दिवसाच्या उत्साहाने कोणताही मुलगा शिकत नाही, हे मास्तरास जितके कळते तितके वक्त्यास कळत नाही. जोशी ह्यांच्या पुढील साऱ्या कार्यावर ह्या सवयीची छाप दिसते.

१९०९ साली ते नामदार गोखले ह्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. कामगार वस्त्यांत रात्रीच्या शाळा, वाचनालये, दवाखाने आणि सहकारी पतपेढ्या चालविणे हे लीगचे काम होते. त्या काळी गिरणी कामगाराची गाठ दोन माणसांशी पक्की बांधलेली असे: एक नोकरी देणारा मुकादम आणि दुसरा कर्ज देणारा सावकार किंवा पठाण. पगार उशिरा होई, व्याज वेळेवर चढे. ज्याचा पुढच्या महिन्याचा पगारही गहाण पडलेला आहे तो मनुष्य संघटनेस वर्गणी कोठून देणार आणि संपात किती दिवस तग धरणार? जोशी ह्यांनी संघटनेच्या आधी शाळा आणि पतपेढी हाती घेतली, ह्यास त्यांचा मवाळपणा कारण होता असे त्यांचे टीकाकार म्हणत. आमच्या मते त्यांना रोगाचे मूळ दिसले होते.

कामगारांची संघटना ह्या देशात त्यांच्या आधी नव्हती असे नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संस्था उभारली, आणि त्यांच्या प्रयत्नांनी १८९० साली गिरण्यांस रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. आज आपण सारे जो रविवार उपभोगतो त्याचे ऋण त्या थोर पुरुषाचे आहे. परंतु त्या संस्थेस नोंदलेले सभासद नव्हते, ठरलेली वर्गणी नव्हती, निधीही नव्हता. १८९७ साली लोखंडे प्लेगात गेले आणि संस्थाही त्यांच्याबरोबर गेली. एका माणसाच्या पुण्याईवर चळवळ सुरू होऊ शकते; ती टिकण्यास पावतीपुस्तक लागते, हा धडा येथपासूनच घ्यावयाचा आहे.

पहिल्या महायुद्धानंतर काळ पालटला. १९१९ साली वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली आणि जोशी हे हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तेथे गेले. परंतु त्यांना पाठविले होते सरकारने, कारण पाठविण्यास अखिल देशाची अशी संघटनाच नव्हती. प्रतिनिधी सर्वांत प्रातिनिधिक संघटनेच्या संमतीने निवडावा असा त्या परिषदेचा दंडक होता. ही उणीव भरून काढण्याची निकड हे १९२० सालच्या ३१ ऑक्टोबर रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस जन्मास येण्याचे एक कारण होते. लाला लजपतराय अध्यक्ष होते; काका बॅप्टिस्टा, दिवाण चमनलाल आणि जोशी ही मंडळी तिच्या संस्थापकांत होती. म्हणजे देशातील कामगारांची पहिली एकजूट अंशतः तरी एका नियमाच्या रेट्याने झाली. आजही एक नियमच आमच्या कामगारांस एकत्र येण्यास भाग पाडीत आहे. नियमाने जमलेली मंडळी पुढे मनानेही जमतात की नाही, हे मात्र त्यांच्या त्यांच्यावर असते.

१९२१ पासून जोशी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे सरकारनियुक्त सभासद म्हणून बसू लागले आणि सुमारे पाव शतक बसले. सरकारनियुक्त हा शब्द त्यांस आयुष्यभर चिकटला. परंतु ह्याच सरकारने दिलेला सी. आय. ई. हा किताब त्यांनी परत केला, ही गोष्टही त्याच काळातील आहे. मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या मालकांनी तेथील मजूर संघाच्या पुढाऱ्यांविरुद्ध न्यायालयातून मनाईहुकूम मिळविला आणि संप घडविणे हा दिवाणी गुन्हा ठरण्याची वेळ आली. तेव्हा संघटनांस कायद्याचे संरक्षण द्यावे असा ठराव १९२१ साली कायदेमंडळात आणला तो जोशी ह्यांनीच. त्याचे फळ म्हणजे १९२६ चा कामगार संघटनांचा कायदा.

हा कायदा जवळजवळ शंभर वर्षे टिकला. त्यातील हिशेबाच्या कलमांकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नसे. संघटनेचा सर्वसाधारण निधी कोणत्या कामांवर खर्चावा हे त्यात नमूद होते. राजकीय कामासाठी निधी निराळा ठेवावा, त्यास वर्गणी देण्याची सक्ती कोणत्याही सभासदावर नसावी आणि न देणाऱ्याचे हक्क कमी होऊ नयेत, असे बंधन होते. जमाखर्च दरवर्षी निबंधकाकडे सादर करणे भाग होते. ही केवळ सरकारी कटकट होती असे म्हणणाऱ्यांनी विचार करावा. संरक्षण आणि हिशेब ह्या दोन गोष्टी कायद्याने एकाच गाठोड्यात बांधल्या, कारण ज्या संस्थेचा जमाखर्च उघडा नाही तिच्यावर बाहेरच्यांचाच काय, आतल्यांचाही विश्वास बसत नाही.

ह्याच सुमारास मुंबईत पैशाची खरी कसोटी लागली. १९२५ साली गिरणी मालकांनी साडेअकरा टक्के पगारकपात जाहीर केली. सप्टेंबरच्या मध्यास सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले आणि डिसेंबरच्या आरंभापर्यंत बाहेर राहिले. गिरण्यांच्या मालावरील साडेतीन टक्क्यांची जकात सरकारने तहकूब केली, तेव्हाच मालकांनी कपात मागे घेतली. ह्या लढ्यात इंग्लंड व युरोपातील कामगारांच्या संघटनांनी जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे मदत पाठविली. मदतीचे मोल कमी नव्हते. परंतु दीड लाख माणसांची चूल दूरदेशीच्या देणगीवर पेटती राहू शकत नाही, हेही त्या अडीच महिन्यांत दिसून आले. संप मिटताच, १९२६ च्या आरंभी, बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन स्थापन झाली. जोशी तिचे अध्यक्ष आणि र. रा. बखले चिटणीस झाले. रीतसर सभासद, दरमहाची वर्गणी, तक्रारींची नोंद असा तिचा कारभार होता. अहमदाबादेस महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाखालील मजूर महाजनाने नियमित वर्गणीवर शाळा आणि दवाखाने चालविण्याची जी वाट पाडली होती, तिच्याशी ही रीत मिळतीजुळती होती.

परंतु १९२८ साल उजाडले आणि शिस्तीची ही चाल कामगारांच्या क्षोभापुढे मागे पडली. एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या. जोशी ह्यांस हा संप नको होता. तो सुरू झाल्यावर मात्र ते दूर उभे राहिले नाहीत. डांगे, मिरजकर, आळवे ह्या जहाल मंडळींच्या मांडीस मांडी लावून ते संयुक्त संप समितीत बसले. सतरा मागण्या एकत्र मांडल्या गेल्या, एकत्र निधी जमला, धान्यवाटप झाले; रशियातील कापड कामगारांकडूनही पैसा आला. मतभेद कायम ठेवून एका मागणीपत्राखाली सह्या करता येतात, हे ह्या समितीने सहा महिने सिद्ध केले. त्या ऐक्यातील एक भगदाडही सांगितले पाहिजे. विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांस त्या काळी मज्जाव होता आणि तो घालणारे बहुधा त्यांचे सवर्ण सोबतीच होते. डॉक्टर आंबेडकरांनी ह्या अन्यायाकडे बोट दाखविले, तेव्हा कुठे संपाच्या पुढाऱ्यांस त्याची दखल घ्यावी लागली. ज्या ऐक्यात शेजारच्या सांच्यावरील माणसास जागा नाही, ते ऐक्य अपुरेच.

त्या वर्षाअखेर गिरणी कामगार युनियनची, म्हणजे लाल बावट्याची, सभासदसंख्या ५४,००० वर गेली. गिरणीगिरणीतून तिच्या समित्या होत्या. जोशी ह्यांची युनियन तिच्या मानाने अगदी लहान राहिली. परंतु १९२९ च्या मार्चमध्ये मीरत खटल्यासाठी पुढारी पकडले गेले आणि लगेच पुढच्या महिन्यात पुकारलेला संप फसला. लाल बावट्याची संख्या वर्षभरात हजाराच्या आत आली. ह्यात दडपशाहीचा वाटा मोठा होता, हे नाकारता येणार नाही. पण लाटेबरोबर आलेला सभासद लाटेबरोबर जातो, आणि निधी संपलेला असताना दुसरा संप पुकारणे म्हणजे रिकाम्या कणगीवर लग्न काढण्यासारखे असते, हेही तितकेच खरे.

आणि मग १९२९ च्या अखेरीस नागपूरचे अधिवेशन आले. अध्यक्षस्थानी पंडित नेहरू होते. व्हिटले कमिशनवर बहिष्कार घालावा, कोणत्या आंतरराष्ट्रीय संस्थेशी नाते जोडावे, ह्या प्रश्नांवर दुफळी झाली. स्वतः जोशी त्या कमिशनचे सभासद होते. ते, वराहगिरी व्यंकट गिरी, शिवराव, बखले ही मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी वेगळा संघ काढला. १९३१ साली उरलेल्या संस्थेचेही दोन तुकडे झाले. ज्या प्रश्नांवर ही फूट पडली ते प्रश्न लहान नव्हते. तरी परळच्या चाळीतील कामगाराच्या पगारात, त्याच्या कर्जात किंवा त्याच्या बायकोच्या बाळंतपणात त्यांतील एकाही ठरावाने काही फरक पडणार नव्हता. बाळंतपणाच्या रजेचा उल्लेख आम्ही उगाच करीत नाही. त्यासाठीचे विधेयक जोशी ह्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले होते आणि ते फेटाळले गेले होते. पुढे १९२९ साली मुंबई प्रांताने तसा कायदा केला. दोष एकाच बाजूचा होता असे आम्ही म्हणत नाही. सभा सोडून जाण्याचा निर्णय जोशी ह्यांचाही होता आणि त्याची किंमत चळवळीने भरली.

त्यांचा मोठेपणा पुढच्या दहा वर्षांत आहे. फुटून निघालेला मनुष्य सहसा आपल्या फुटीचे समर्थन करण्यात आयुष्य घालवितो. जोशी ह्यांनी ते परत सांधण्यात घालविले. १९३८ साली नागपुरासच समेट झाला आणि १९४० साली विलीनीकरण पुरे झाले. ह्या समेटाच्या अटी आमच्या पुढाऱ्यांनी मुद्दाम अभ्यासाव्यात. सर्वसाधारण मंडळावर दोन्ही बाजूंस समान जागा देण्यात आल्या. कोणत्याही परदेशी संस्थेशी जोडून घ्यावयाचे नाही असे ठरले. राजकीय प्रश्न आणि संपाचे प्रश्न साध्या बहुमताने न सोडविता तीनचतुर्थांश मतांनी सोडवावयाचे, असा नियम झाला. कोणीही कोणाचे मत बदलले नाही. ज्या गोष्टींवर घर फुटते त्या गोष्टी घाईने ठरवावयाच्या नाहीत, एवढेच मान्य झाले. जोशी पुन्हा सरचिटणीस झाले आणि १९४८ पर्यंत राहिले.

हा शेवट गोड असता तर चरित्र लिहिणे सोपे झाले असते. १९४७ साली इंटक निघाली, १९४८ साली हिंद मजदूर सभा निघाली, आणि त्याच वर्षी जोशी ह्यांनी आपल्या हाताने वाढविलेल्या संस्थेचे सरचिटणीसपद सोडले. त्यांच्या मृत्यूस दोन महिने होण्याच्या आत भारतीय मजदूर संघ स्थापन झाला. १९७० साली सीटू आली. प्रत्येक राजकीय पक्षास आपली एक कामगार संघटना असावी ही रूढी पडली. ती सारी नावे आज आमच्या शहराच्या औद्योगिक वसाहतींतही ऐकू येतात. जोशी अयशस्वी झाले असे म्हणावयाचे असल्यास म्हणावे. पण ते का अयशस्वी झाले, हे सांगितल्याशिवाय तो निकाल पुरा होत नाही. आमच्या मते त्याचे उत्तर पैशात आहे. संघटनेचा गाडा जो पक्ष, जी संस्था किंवा जो धनिक ओढतो, त्याच्याच दिशेने ती जाते. सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या दोन संघटनांचे भांडण सभासद मिटवू शकतात, कारण चावी त्यांच्या हाती असते. बाहेरच्या पैशावर चालणाऱ्या संघटनांचे भांडण बाहेरचाच मिटवितो, आणि तोही त्याच्या सोयीने.

वर्गणीची रक्कम किती असते, हे आमच्या वाचकांस ठाऊक नसेल. जुन्या कायद्यात २००१ साली दुरुस्ती झाली तेव्हा कारखान्यातील सभासदाची किमान वर्गणी वर्षाला १२ रुपये ठरली होती, म्हणजे महिन्यास एक रुपया. एवढ्याशा पैशात ना कचेरी चालते, ना वकील मिळतो, ना संपात एक दिवसाचे धान्य येते. मग करार झाला की थकबाकीतून मोठी रक्कम कापून घेण्याची, किंवा पुढाऱ्याच्या खिशावर विसंबण्याची वेळ येते. थोडी थोडी, पण नियमित आणि स्वतःच्या हाताने दिलेली वर्गणी हीच संघटनेची खरी मतपत्रिका होय.

आमच्या शहराचा औद्योगिक इतिहास मुंबईएवढा जुना नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निजामाच्या राज्यात येथे कापडगिरणी निघाली. हिमरू आणि पैठणीचे विणकर तर त्याहून कितीतरी जुने. पण खरी वाढ महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर, विशेषतः वाळूजची वसाहत उभी राहिल्यावर झाली. येथील कामगार मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेला, बहुधा शिकलेला आणि पुष्कळदा कंत्राटी आहे. हा कंत्राटी मनुष्य मूळ कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो. म्हणजे नव्या कायद्याच्या बेरजेतही तो धरला जाण्याची शाश्वती नाही. १९२८ साली विणकाम खात्याच्या दाराबाहेर उभा असलेला मनुष्य आज कोणत्या दाराबाहेर उभा आहे, ह्याचा विचार कायम कामगारांच्या संघटनांनी करावा. त्याला सोडून केलेले ऐक्य मालकास एका दिवसात मोडता येईल.

आमची सूचना साधी आहे. शहरातील सर्व संघटनांनी, आपले झेंडे आणि आपली नावे कायम ठेवून, एक संयुक्त समिती नेमावी. १९३८ च्या धर्तीवर तीत लहानमोठ्या सर्वांस स्थान असावे आणि वादाचे प्रश्न साध्या बहुमताने उरकू नयेत. प्रत्येक संघटनेने आपला वार्षिक जमाखर्च मराठीत छापून कारखान्याच्या दाराशी लावावा. आणि प्रत्येक सभासदाच्या वर्गणीतील काही भाग संकटकाळासाठी एका सामाईक निधीत पडावा. तो कोणत्याही पक्षकार्यास वापरता येऊ नये. ह्यातील एकही गोष्ट कायद्याची वाट पाहत थांबलेली नाही.

शेवटी दोन शब्द आमच्या सुशिक्षित वाचकांसाठी. संप म्हटला की आपल्या कपाळास आठ्या पडतात. पण बँकेतील, विम्यातील, शाळेतील आणि सरकारी कचेरीतील आपल्यापैकी बहुतेकांचा पगार आणि निवृत्तिवेतन हे कोणत्या ना कोणत्या संघटनेच्या झगड्यातूनच आलेले आहे. ना. म. जोशी आपल्याच वर्गातले, पदवीधर, मास्तरकी केलेले गृहस्थ होते. ज्या संघटनेस जमाखर्च लिहिणारा हवा आहे, ज्या वस्तीत रात्रीचा वर्ग चालविणारा हवा आहे, तेथे आठवड्याचा एक तास देणे आपणांपैकी कोणासही अशक्य नाही. त्यांची पुण्यतिथी पाळावयाची तर ती अशी पाळावी. हार घालण्यास मुंबईतील रस्त्याची पाटी आहेच.